कोरी पावलं

धंद्यात तिला सगळे पावलंवाली म्हणायचे. चित्रपटाच्या शेवटी भराभर वर सरकणाऱ्या नावांत तिचंही नाव असायचं, पण ते येईपर्यंत प्रेक्षक दाराशी पोचलेले असत.

काम असं होतं. चित्रीकरणाच्या वेळी माइक नटनट्यांच्या तोंडाकडे रोखलेला असतो. त्यांची पावलं, कपड्यांची सळसळ, कप खाली ठेवल्याचा आवाज यातलं फारसं काही हाती लागत नाही. ते सगळं नंतर बंद खोलीत, पडद्यावरचं चित्र बघत बघत, कोणालातरी पुन्हा करावं लागतं. ते काम ही करायची. नायिका रागाने जिना चढायची, खलनायक खडीवरून दबकत यायचा, आजोबा सपाता ओढत दिवा लावायला जायचे, आणि या सगळ्यांचे पाय एकाच बाईचे असायचे.

खोलीच्या जमिनीत चौकोनी हौद होते. एकात खडी, एकात वाळू, एकात करकरणाऱ्या फळ्या, एकात गुळगुळीत फरशी. गवतासाठी जुन्या कॅसेटमधल्या फितींचा ढीग होता. त्यावर पाय टाकला की हुबेहूब वाळलेलं गवत मोडायचं. बर्फासाठी मक्याचं पीठ भरलेली चामड्याची पिशवी होती. कोपऱ्यात एक लाकडी जिना होता, पाच-सहा पायऱ्यांचा, थेट भिंतीला जाऊन भिडणारा. आणि एका भिंतीवर छतापर्यंत चपला, बूट, सपाता. नवीन माणूस आत आला की हमखास विचारायचा, "लग्न आहे का हो आत?"

काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट बसायचा. त्याला सगळे कानसेन म्हणत. तो स्वतः म्हणायचा की बायकोचं बोलणं सोडलं तर जगातलं सगळं त्याला ऐकू येतं.

दोघांची एक रीत होती. पाऊल टाकण्याआधी कानसेन माइकमधून विचारायचा, "कोण, कुठून, कुठे?" आणि ती बुटाची नाडी आवळत उत्तर द्यायची. "थोरली जाऊ. स्वयंपाकघरातून निघाली. भांडण अर्धं राहिलंय, आणि बाहेर पाहुणे बसलेत." मगच रेकॉर्डिंगचा दिवा लाल व्हायचा. हे ठरल्याशिवाय तिचा पाय उचलतच नसे. ही माणसं तिने कुठून कुठून गोळा केली होती. सासूबाईंचा राग टाचेत असायचा. शाळेच्या प्रयोगशाळेतले मदतनीस आम्लाची बाटली नेताना पाऊल न उचलता नुसतं पुढे सरकवायचे. तिच्या सगळ्या चोरांची चाल त्यांचीच होती. रस्त्यात कोणी वेगळं चालताना दिसलं की ती भाजीची पिशवी घेऊन तशीच त्याच्या मागे जायची. नवऱ्याने एकदा हे पाहिलं आणि त्याला आठवडाभर संशय होता.

मग काम आटत गेलं. पावलं यंत्रातून निघायला लागली. चित्र दाखवलं की यंत्र आपणच ओळखायचं की बाई आहे, उंच टाचा आहेत, फरशी ओली आहे. आणि पावलं बसवून द्यायचं. निर्माते म्हणायचे, तुमच्यासारखी नाहीत हो, पण चालतात. चालतात म्हणजे काय, हे तिला कोणी सांगेना.

खोली तिच्या नणंदेची होती. नणंदेची पन्नाशी उलटली होती, तरी घरात ती बेबीच. सासऱ्यांनी राहतं घर मुलाला दिलं आणि हा मजला मुलीला. पुढच्या खोलीत बेबीचं कार्यालय होतं. ती जाहिरातींना आवाज देणारी माणसं पुरवायची. आता तीही माणसं कमी येत होती. शेजारच्या दातांच्या डॉक्टरला जागा वाढवायची होती, आणि तो मापं घ्यायची टेप घेऊन दर दोन-चार दिवसांनी डोकावायचा.

"वहिनी, मी तुला काढत नाहीये," बेबी म्हणाली. "पण तो माणूस खडीच्या हौदात खुर्ची ठेवून बघून गेला. महिनाअखेर त्याला काहीतरी सांगायला हवं. भिंतींना किती दिवस पावलं ऐकवणार तू?"

अशा वेळी त्या कंपनीचा निरोप आला. ज्या कंपनीच्या यंत्रातून पावलं निघायची, तीच. पडद्यावर एक तरुण मुलगी आली, मागे पांढरी भिंत, कानात पांढरे बोळे. फार आदराने बोलत होती.

"मॅम, आमच्याकडे भावना भरपूर आहेत. राग, घाई, म्हातारपण, सगळं आम्ही नंतर घालतो. आम्हाला हवंय ते खालचं पाऊल. कोरं."

"कोरं म्हणजे कोणाचं?"

"कोणाचंच नाही, मॅम."

"मग ते चालतंय कोण?"

मुलगी गोड हसली. "तेच तर हवंय. आत्ताच्या सगळ्या आवाजांत आधीच कोणीतरी आहे. त्यावर दुसरं माणूस नीट चढत नाही."

करार काही वर्षांचा होता. तो झाला तर खोली राहणार होती. कंपनीला हीच खोली, हेच हौद हवे होते. आधी नमुना पाठवायचा, यंत्र तो तपासणार.

बेबीला हे फारच आवडलं. "कोणाचंच नाही! म्हणजे मेहनतही कमी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फरशीवर साधे चामडी बूट घालून उभी राहिली. सवयीने कानसेनने विचारलं, "कोण, कुठून, कुठे?"

तिने वाकून बुटाची नाडी आवळली.

"बाई?"

"कोणी नाही. कुठून नाही. कुठे नाही."

"असं कसं?" कानसेन म्हणाला. "बरं, असेल. दिवा लावतो."

ती चालली. चालताना मान सरळ ठेवली, मनात काही येऊ दिलं नाही, हात शरीराला चिकटवले. ऐकताना तिला वाटलं, झालं की. कंपनीचं उत्तर दुपारपर्यंत आलं. प्रत्येक तुकड्यासमोर यंत्राने शेरा मारला होता: स्त्री, साठीच्या आसपास, काहीतरी लपवते आहे.

"लपवते आहे?" कानसेन म्हणाला. "बाई, काय लपवताय?"

"मी काही लपवत नाही. मी काही करतच नव्हते."

"तेच लपवत असाल."

मग तिने जड बूट घातले. शेरा आला: पुरुष, थकलेला, नुकताच नकार मिळालेला. अनवाणी चालून पाहिलं. शेरा आला: लहान मूल, रात्र, पाणी प्यायला उठलेलं. ते वाचून तिने तुकडा पुन्हा लावायला सांगितला, कारण चालताना डोळ्यांसमोर खरंच कोणी नव्हतं. यंत्र खोटं बोलत होतं म्हणावं, तर आवाज पुन्हा ऐकल्यावर ते मूल तिलाही ऐकू येत होतं. आपल्या पायांत इतकी माणसं न विचारता राहतात, हे तिला माहीत नव्हतं. शेवटी कानसेन स्वतः आत येऊन चालला. त्यावर शेरा: पुरुष, मध्यम वय, दुसऱ्याचे बूट. बूट खरोखरच तिचे होते.

"या यंत्राला घरी जेवायला बोलवायला हवं," कानसेन म्हणाला. "आपल्यावर इतकं लक्ष कोणी दिलं नव्हतं."

घरी ती स्वयंपाकघरापासून दारापर्यंत येरझाऱ्या घालायला लागली. नवरा पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला, वर्तमानपत्रामागे बसलेला. पाऊल पडलं की पानामागून विचारायचा, "कोण आलंय?"

"मीच आहे."

"अच्छा." थोड्या वेळाने पुन्हा, "कोण आलंय गं?"

"अहो, मीच!"

"मग तुझ्यासारखी चाल की. मघाशी आई आल्यासारखं वाटलं, मी पाय खाली घेतले."

"माझ्यासारखी म्हणजे कशी?"

त्याने वर्तमानपत्र खाली केलं, विचार केला, आणि म्हणाला, "ते काय सांगायचं? तू आलीस की कळतं, कोणी आलेलं नाही."

तिला हे नीट लागलंही नाही आणि नीट सुखावलंही नाही. ती ओट्यापाशी जाऊन उगाच डाव धूत बसली.

पुढच्या खेपेला दिवसभर खपून त्यांनी फरशीवरच्या पावलांचा मोठा गठ्ठा पाठवला. उत्तर दुसऱ्याच दिवशी सकाळी आलं, आणि या वेळी मुलगी स्वतः पडद्यावर आली. "मॅम, कमाल! हेच. कोणीही नाही. अगदी कोरं. फक्त एका तुकड्यात जरा चिडचिड आहे, तो वगळलाय. आता असंच खडीवर, लाकडावर आणि जिन्यावर द्या, की करार करू."

पुढच्या खोलीतून बेबीने टाळी वाजवली. पावलंवालीला मात्र काही उमजेना. कालची पावलं तिला आठवत होती. त्यांत कोरं काही नव्हतं. ती कानसेनच्या शेजारी जाऊन बसली. "काय पाठवलंत ते लावा बघू."

त्याने लावलं. पावलं सुरू झाली, मंद, पुढे जाऊन थांबली. मग खट्ट. मग परत पावलं.

"हे खट्ट कसलं?"

कानसेनने डोक्याला हात लावला. त्याची एक जुनी खोड होती: दोन चालींच्या मध्ये तो रेकॉर्डिंग थांबवायचा नाही, कारण कधीकधी काम संपलं असं वाटल्यावर तिचं एखादं पाऊल उत्तम पडायचं. सगळं एकसलग घ्यायचा आणि नंतर खुणा करून चाली तेवढ्या कापायचा. काल सुरुवातीचीच एक खूण राहिली. एक बटण चुकावं आणि पुढचा सगळा सदरा तिरका लागावा, तसं झालं होतं. चाली कचऱ्यात गेल्या होत्या, आणि कंपनीला गेलं होतं मधलं सगळं: ती पंखा बंद करायला गेली ते, पाणी प्यायला गेली ते, पायपुसण्यावरून परत जागेवर आली ते. खट्ट म्हणजे पंख्याचं बटण.

"आणि तो चिडका तुकडा?"

"तो तुम्ही काचेपाशी येऊन मला विचारलंत ना, लक्ष आहे का तुमचं, तो."

कानसेन हसायला लागला. तिलाही हसू आलं, पण ते अर्ध्यावर थांबलं. तिने हेडफोन घातला आणि पुन्हा ऐकलं. नवख्या माणसाची पावलं ऐकून ती वय सांगायची, वजन सांगायची, हातात काय आहे तेही सांगायची. इथे तिला काही सांगता येईना. तिला हेही सांगता आलं नसतं की ही बाई आपण आहोत. कानसेनने सांगितलं म्हणून मानायचं.

"आता काय करायचं?" ती म्हणाली. "मला आता कळलंय. कळल्यावर कसं चालू?"

"सोपं आहे. मी दिवा न लावता घेत जातो. तुम्हाला सांगणारच नाही."

"हे आत्ता सांगितलंत ना!"

"हो की," कानसेन म्हणाला.

तरी त्यांनी दोन दिवस तेही करून पाहिलं. ती पंखा बंद करायला उठली की वाटायचं, चालू असेल का? आणि पायात लगेच कोणीतरी यायचं. शेरे येत राहिले: स्त्री, कोणी बघतंय अशी शंका. बेबी म्हणाली, मी आत येऊन तुझ्याशी गप्पा मारते, तुझं लक्ष जाणार नाही. मग यंत्राने बेबीचंच वय सांगितलं, आणि बेबीने ते अमान्य करून गप्पा बंद केल्या. तेवढ्यात डॉक्टर येऊन जिन्याची रुंदी मोजून गेला. "हा काढायचाच असेल ना?" असं त्याने अगदी हळू, दात किडलाय हे सांगावं तसं, विचारलं.

त्या दुपारी ती हौदांच्या खोलीत एकटी हेडफोन घालून बसली. तिला एकच गोष्ट सुचत नव्हती आणि बाकी सगळं सुचत होतं. खोली वाचवायची तर खोलीत काम करायचं नाही, फक्त कामाच्या मध्ये जे होतं ते करायचं; पण काम नसेल तर मध्य कुठून आणायचा? जितका विचार करावा तितकी ती भोवऱ्यासारखी जागच्या जागी फिरत होती. शेवटी विचार सोडून ती नुसती ऐकत राहिली. पंखा. पाणी. पायपुसणं. पुन्हा पंखा.

बऱ्याच वेळाने तिला एक गोष्ट ऐकू आली. त्या बाईची डावी टाच कणभर उशिरा टेकायची. लंगडं नव्हतं ते. दारात दोघं एकदम आली की एक जण म्हणतो, तुम्ही व्हा पुढे, तेवढा तो उशीर होता. खोलीत दुसरं कोणी नसतानाही ती बाई कोणालातरी पुढे जाऊ देत होती. आणि वळताना ती आधी थांबायची, मग वळायची. वाटेत काही सांडू नये अशी. हे ऐकू आल्यावर तिने तेवढाच भाग पुन्हा ऐकला. असं कोणी रस्त्यात दिसलं असतं तर ती भाजीची पिशवी घेऊन नक्की मागे गेली असती.

तिने काचेवर टकटक केली. "लावा दिवा."

"कोणता? खरा?"

"खरा. लाल. आणि विचारा."

कानसेनने तिच्याकडे पाहिलं, माइक ओढला. "कोण, कुठून, कुठे?"

"पंखा बंद करायला चाललेली बाई," ती म्हणाली. "कामावरून उठली. परत कामावर येणार आहे."

"खडीवर पंखा कुठून आणलात?"

"कानसेन, दिवा."

तिने खडीवर पंखा बंद केला. करकरणाऱ्या फळ्यांवर पाणी प्यायला गेली. चालताना ती पूर्ण जागी होती. डावी टाच कणभर मागे ठेवत होती, वळण्याआधी थांबत होती. सासूबाई उभ्या करताना जितकी मेहनत लागायची त्याहून जास्त लागली. शेवटी जिना. ती बाई जिना कशी उतरेल, हे त्या ध्वनिफितीत नव्हतं. ते तिने टाचेवरून ओळखलं. वर जाऊन भिंतीला हात लावला आणि उतरली, पुन्हा वर, पुन्हा उतरली, जोडून एक अख्खा जिना होईल इतक्यांदा. मग घामाघूम होऊन जमिनीवर बसली आणि बुटाची नाडी सोडायला लागली.

"ऐकतो एकदा," कानसेन म्हणाला. त्याने उतरण्याचे तुकडे भराभर जोडले, हवेसाठी दार उघडलं आणि मोठ्या स्पीकरवर आवाज लावला. पावलं जिना उतरायला लागली, शांतपणे, एकेक पायरी.

पुढच्या खोलीतून बेबीचा आवाज आला, "वहिनी, निघालीस? थांब गं, मी पण येते. कुलूप लावू दे."

पावलंवालीचा हात नाडीवर थांबला. कानसेनने तिच्याकडे पाहिलं. बाहेर ड्रॉवर बंद झाला, किल्ल्या वाजल्या, बेबी तरातरा इमारतीच्या जिन्याकडे गेली.

"वहिनी! अगं, हाक मारतेय ना!" मग तिच्या चपला खालपर्यंत गेल्या. मग पायऱ्या वर चढत येणारी बेबी, आणि दारात तिचा चेहरा. आत वहिनी जमिनीवर बसलेली, एक बूट पायात, एक हातात. स्पीकरमधली पावलं अजून उतरतच होती.

"तू इथे आहेस," बेबी म्हणाली.

"हो."

"मग आत्ता खाली कोण गेलं?"

कानसेनने आवाज बंद केला. बेबीने स्पीकरकडे पाहिलं, मग वहिनीच्या पायांकडे. "हे तुझं आहे. मी झोपेतही ओळखीन. मग जमलं म्हणायचं की नाही जमलं? त्यांना तर कोणाचंच नको होतं."

"तेच मला कळत नाहीये," पावलंवाली म्हणाली.

"पाठवू का?" कानसेनने विचारलं.

तिने खडीकडे पाहिलं, कॅसेटच्या फितींच्या ढिगाकडे, भिंतीला भिडलेल्या जिन्याकडे. न पाठवावं तर ह्या सगळ्याच्या जागी खुर्ची येणार होती. पाठवावं तर उद्या देशोदेशींच्या नायिका, खुनी आणि आजोबा हिच्याच टाचेवर चालणार होते, वरून दुसऱ्याचा राग नेसून. आणि यंत्राला बेबीसारखं ओळखू आलं, तर खोलीही गेली आणि पावलंही.

"पाठवा," ती म्हणाली.

उत्तर संध्याकाळच्या आत आलं. मुलीने स्वतः लिहिलं होतं. सगळे तुकडे मान्य. कोणीही नाही.

"एकाही तुकड्यात नाही?" तिने दोनदा विचारलं.

"एकाही नाही," कानसेन म्हणाला. "अभिनंदन करू का, बाई?"

बेबी भडकली. "कोणीही नाही म्हणजे काय? मी किल्ल्या घेऊन धावले ती काय हवेमागे?" मग तिला आठवलं की या उत्तरामुळे खोली राहिली आहे, आणि तिने डॉक्टरला फोन लावून सांगितलं की जागेचं जमणार नाही. बोलताना आवाज आनंदाचा होता, पण कपाळावरची आठी तशीच होती.

दिवे मालवून तिघं निघाली. कानसेन पुढे सटकला. बायकोने काहीतरी आणायला सांगितलं होतं, काय ते त्याला ऐकू आलं नव्हतं. बेबी जिना उतरली आणि खालच्या वळणावर थांबून वर पाहिलं. पावलंवाली वरच्या पायरीवर उभी होती, एक हात कठड्यावर, उजवा पाय किंचित पुढे.

"चल की वहिनी."

"चालतेय."

"कुठे चालतेयस? उभी आहेस."

"डावी टाच आधी टाकते की उजवी, ते आठवतेय," ती म्हणाली.

"कोण?" बेबीने विचारलं.

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि पाय तसाच राहिला.